एल्ला कुडीरी

आमच्या अण्णाला निपाणीपासून बेळगावपर्यंतचे सगळे संडास माहीत आहेत. कुठल्या स्टँडवर दाराला कडी आहे, कुठं नळाला पाणी असतं, कुठल्या हॉटेलवाल्याला हाक मारली की तो काही न विचारता मागचं दार उघडतो, सगळं तोंडपाठ. उभा जन्म त्यानं त्या रस्त्यावर कंडक्टरकी केली, आणि त्यातली निम्मी वर्षं आतड्याचं दुखणं बरोबर घेऊन केली. माणसं तिकीट मागायची आणि हा दात आवळून बेलची दोरी ओढायचा.

दुखणं म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज. जखमा होतात, कळ येते, रक्त पडतं. डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच त्याला समजावलं होतं की ही सूज कायमची जात नाही, गोळ्यांनी झोपून राहते. ती वर्षानुवर्षं जागी राहिली तर त्या जागी कॅन्सर धरू शकतो, म्हणून मधून मधून आत कॅमेरा घालून बघायला हवं. अण्णानं गोळ्या इमानानं घेतल्या. कॅमेऱ्याचं म्हणाल तर दर वर्षी त्याला उसाची तोड आडवी यायची, नाहीतर कुणाच्या तरी मुलीचं लग्न.

माझी मुलगी प्रियदर्शनी बेळगावात संशोधन करते, औषधी झाडांवर. शेजारणी मला विचारायच्या, म्हणजे नर्सरी हाय का गं? मी हो म्हणायचे, कारण खरं काय ते मलाही गेल्या भाऊबीजेपर्यंत धड ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अण्णा निपाणीहून बेळगावशेजारच्या कंग्राळीला आमच्याकडं आला. ओवाळून झालं आणि त्यानं सहज भाचीला विचारलं, तुझं काय चाललंय. पोरगी बोलत सुटली.

खानापूरकडच्या रानात पांढऱ्या फुलांचा कुडा असतो. पोट बिघडलं की आपल्याकडं अजूनही त्याची साल उगाळून ताकातून देतात. त्या सालीचा अर्क काढून प्रिया उंदरांना पाजते. उंदरांच्या आतड्याला आधी मुद्दाम सूज आणतात, अण्णाला आहे तसलीच. मग त्या सुजेतून गाठी धरतात. ज्यांना अर्क पाजला त्यांच्यात सूज कमी दिसतेय, गाठीही कमी दिसतायत, असं ती म्हणाली. त्यानंतरही ती बरंच बोलली. हे पुन्हा पुन्हा करून बघायला लागतं, मात्रा ठरायची आहे, अर्कात नेमकं कुठलं द्रव्य काम करतं ते कळायचंय, माणसाचं तर अजून नावच काढायचं नाही. पण तोवर अण्णानं करंजी हातात घेतली होती आणि त्याला हवं ते मिळालं होतं.

"अर्क म्हणजे काढाच की," तो म्हणाला. "शहरातला."

आम्ही सगळे हसलो. प्रियासुद्धा हसली. मामाला आपल्या कामात इतका रस आहे म्हणून ती दिवसभर तरंगत होती.

संक्रांत झाली आणि मनुवहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर हळू बोलते तेव्हा अण्णा घरात असतो. त्या दिवशी ती इतकी हळू बोलत होती की मला शिलाई मशीन थांबवून कानाला फोन दाबून धरावा लागला. तुझा भाऊ वाळत चाललाय, म्हणाली. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडून घेतलंय. मोरीत गेला की नळ सोडून बसतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. विचारलं तर वय झालं म्हणतो.

दवाखान्याचं नाव काढलं असतं तर अण्णा आला नसता. म्हणून मी त्याला कळवलं की प्रियाला तिच्या कामासाठी तुला चार गोष्टी विचारायच्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं इस्त्रीचा शर्ट घालून हजर. हातात एक पिशवी होती. मी समजले, वहिनीनं तिळाच्या वड्या दिल्या असतील. चहा पाजला आणि रिक्षात घालून सरळ दवाखान्यात नेला. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रिक्षावाल्याशी मात्र भरपूर बोलला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, जुने कागद बघितले, रक्त पडतं का विचारलं. अण्णा म्हणाला, थोडं. त्या म्हणाल्या, थोडं म्हणजे रोज का? अण्णा माझ्याकडं बघायला लागला, जणू मला माहीत असावं. बाईंनी परवा सकाळी कॅमेऱ्याची तपासणी ठरवली. इतकी वर्षं सूज आहे, आता बघितल्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही, म्हणाल्या. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. न उच्चारताही तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट पूर्ण साफ व्हावं लागतं. त्यासाठी एक पावडर असते, ती भरपूर पाण्यात मिसळून प्यायची. मी खाली औषधाच्या दुकानात रांगेत होते तेव्हा नर्सबाईनं ती पावडर अण्णाच्या हातात दिली आणि कशी घ्यायची ते सांगितलं. नर्सबाई बैलहोंगलकडची. तिला मराठी येतं, पण अण्णानंच कन्नडात सुरुवात केली. कन्नडाचा त्याला अभिमान आहे. हत्तरगीच्या बाजारातल्या बायकांना त्यानं त्यांच्याच भाषेत पाठीमागच्या सीटवर सरकवलंय जन्मभर. तेव्हा तीही कन्नडात बोलली, आणि घाईत बोलली: "इदन्न नीराग हाकि कुडीरी. एल्ला कुडीरी."

मी वर आले तर अण्णा हसत होता. दिवसभरात पहिल्यांदा. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "बरोबर बोलली बाई. जाणकार हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून मोठं पातेलं मागून घेतलं आणि स्वयंपाकघराचं दार पुढं केलं. थोड्या वेळानं घरभर कडू वास सुटला. मी डोकावले. पिशवीत तिळाच्या वड्या नव्हत्याच, झाडाच्या सालीचे तुकडे होते. ते उकळत होते आणि शेजारी पावडरीचं पाकीट कापून ठेवलेलं. हे काय रं अण्णा, म्हटलं. तर म्हणाला, दवाखान्यातनंच सांगितलंय, नर्सबाईला विचार. माझ्याकडं लग्नाचे ब्लाऊज पडले होते, गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. दवाखान्यानं सांगितलंय म्हटल्यावर मी मशीनवर जाऊन बसले.

त्या दिवशी त्याच्या पोटात काय चाललं असेल ते आता कळतं. कुडा जुलाब थांबवतो, त्यासाठीच तो देतात. म्हणजे पावडरनं ढकलायचं आणि कुड्यानं दार लावून धरायचं. अण्णा दोनदा-तीनदा उठला, जाऊन आला, आणि संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं करून भिंतीकडं तोंड वळवून पडला. मला वाटलं, असंच असतं.

सकाळी त्याला गुंगीचं औषध देऊन आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. वेळ लागेल म्हणाले होते, पण बाई लगेच बाहेर आल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "काही दिसलं नाही."

मी दोन्ही हात जोडले. त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "नाही हो. काही नाही असं नाही. काही दिसतच नाही. पोट साफच झालेलं नाही त्यांचं. काय प्यायले काल?"

अण्णा स्ट्रेचरवर अर्धवट जागा झाला होता. त्यानं झोपल्या झोपल्या उत्तर दिलं, आणि तक्रारीच्या सुरात दिलं. पावडर पाण्यात घालून वर सगळा कुडा घ्यायला तुमच्याच बाईनं सांगितलं, असं तो म्हणाला. मी सगळा घेतला. लई कडू झालता.

नर्सबाईला बोलावलं. ती बिचारी घाबरून आली. ना येन अंदे, कुडीरी अंदे, मी काय म्हटलं, कुडीरीच म्हटलं, असं दोनदा म्हणाली. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"कुडीरी म्हणजे प्या, अण्णा," ती मराठीत म्हणाली. "एल्ला कुडीरी, सगळं प्या. तुमच्या त्या कुड्याला आम्ही कोडसिगे म्हणतो री."

अण्णाला कुडीरी माहीत नाही असं नाही. उसाच्या रसाच्या गाड्यावर त्यानं तो शब्द हजारदा ऐकला असेल, स्वतः म्हटला असेल.

"तुम्ही कन्नडात बोललासा," तो म्हणाला. "मी मराठीत ऐकलं."

डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. पण त्या हसता हसता थांबल्या. ही साल तुमच्याजवळ आधीच होती का, असं त्यांनी विचारलं. तिथून एकेक बाहेर यायला लागलं. लोंढ्याला गुंडू आहे, अण्णाच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. तो रानातून साल आणून देतो. भाऊबीजेपासून अण्णा सकाळ-संध्याकाळ काढा घेतोय. सुरुवातीला बरं वाटलं, मग रक्त दिसायला लागलं, तेव्हा काढा वाढवला.

"आणि गोळ्या?" बाईंनी विचारलं.

अण्णानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. प्रिया तेवढ्यात कामावरून तशीच आली होती, खांद्याला पिशवी. तिनं सगळं दारात उभं राहून ऐकलं होतं.

"मामा, गोळ्या बंद केल्यास?"

"उंदरांना गुण आला म्हणालीस न्हवं तू."

प्रिया जवळ आली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उंदराला गुण आला का न्हाय हे मला कसं कळतं, ठाऊक हाय? शेवटी त्याला कापावं लागतं, मामा. आतडं बाहेर काढून, उघडून, भिंगाखाली बघावं लागतं. मग तुझं काय करू, सांग. तुलाबी कापू?"

नर्सबाईनं चादर उगाच सारखी केली. प्रिया बाहेर व्हरांड्यात जाऊन खिडकीकडं तोंड करून उभी राहिली, आणि अण्णानं पहिल्यांदा डोळे मिटून घेतले. काढ्याची लाज नव्हती त्याला. पोरीनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, ते त्याला लागलं.

पुन्हा पावडर मिळाली. या वेळी नर्सबाईनं मला आणि त्याला समोरासमोर बसवून मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या मुलांना शिकवतात तसं. साल मी मशीनच्या खणात कुलपात टाकली. अण्णानं मुकाट्यानं प्यायलं आणि मग दिवसभर जे झालं त्याचं वर्णन नको. मी मोरीच्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. आतून तो म्हणाला, ह्याच्यापेक्षा यमकनमर्डीचा घाट बरा होता.

दुसरी तपासणी लांबली. बाहेर आल्यावर बाईंनी नीट सांगितलं. सूज सगळीकडं जागी झालेली आहे. एका ठिकाणी आतली बाजू थोडी उंच आणि खरबरीत दिसतेय. तिथले आणि इतर ठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवलेत. उत्तर यायला काही दिवस लागतील. तोवर गोळ्या आजपासून सुरू, आणि अंदाज करत बसू नका.

आम्ही अंदाज करत बसलो. दुसरं काय करणार? अण्णा निपाणीला परत जायला तयार नव्हता, कारण तिथं वहिनी होती आणि तिच्यासमोर त्याला खोटं बोलता आलं नसतं. फोनवर त्यानं तिला सांगितलं, प्रियाचं काम अजून संपलं नाही. प्रिया कामाला जायची, पण उंदरांच्या खोलीत जायचं टाळत होती. एक मैत्रीण तिच्या वाटचं बघत होती. घरात मामा-भाची एकमेकांना चुकवून फिरायची. एक अंगणात आला की दुसरी आत. मी मध्ये ताटं वाढत राहिले. जेवणं अशी होत होती की भाकरी मोडल्याचा आवाज यायचा.

मग एका सकाळी अण्णा अंगणात उन्हाला बसला होता आणि प्रिया कपडे वाळत घालत होती. दोरी त्याच्या खुर्चीवरूनच जाते, त्यामुळं तिला पळता येईना.

"तुझं चुकलं न्हाय गं," अण्णा म्हणाला. "तू सांगत हुतीस, मीच मधी उतरलो. बेळगावच्या अलीकडं काकती आली म्हणून गाडी थांबली, आणि मी बेळगाव आलं म्हणून पिशवी घेऊन उतरलो."

प्रियानं ओला शर्ट झटकला. त्याचे शिंतोडे अण्णावर उडाले.

"काकती कुठली?" ती म्हणाली. "अजून संकेश्वरसुदीक आलं न्हाय, मामा. आत्ता कुठं निपाणीचं स्टँड सुटलंय. गाडी पोचंल का न्हाय त्याचाबी भरवसा न्हाय."

"मग पोरी, सीटवर बसून ऱ्हा की. मधीच उतरू नगस."

त्या दिवशी ती उंदरांच्या खोलीत गेली. संध्याकाळी आली तेव्हा अण्णानं तिच्याकडं उंदरांची चौकशी केली, पाहुण्यांची करावी तशी, सगळे बरे हायत न्हवं. ती म्हणाली, एकाला सोडून. दोघांनी त्या एकाबद्दल जरा वेळ हळहळ केली. मला आत भांडी घासताना हसू आलं, पण उत्तर अजून यायचंच होतं.

उत्तर आलं तेव्हा आम्ही तिघंही गेलो. बाईंच्या टेबलावर कागद उलटा ठेवलेला होता. अण्णानं शर्टाचं वरचं बटण लावलं. बाईंनी कागद सरळ केला आणि बसायच्या आधीच सांगितलं, बहुतेक आमची तोंडं बघून.

"कॅन्सर नाही. त्या वाटेवरचे बदलही नाहीत. ती उंच जागा सुजेमुळंच तशी झाली होती."

प्रियानं पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं. मग प्रियानं कागद स्वतः वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि मला दंडाला इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. बाई पुढचं सांगत राहिल्या. गोळ्या थांबवायच्या नाहीत, बरं वाटलं तरी नाही. कॅमेरा दर वर्षी, ऊस असो वा लग्न असो. हे त्यांना मी सांगितलं होतं. कुड्याबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, त्यात काहीतरी असेल म्हणून तर तुमची भाची राबतेय. पण काय आहे, किती घ्यायचं, कुणाला चालतं, हे कळेपर्यंत गोळीची जागा त्याला द्यायची नाही. अण्णा मान हलवत होता. ऐकत होता का, देव जाणे. मी ऐकत होते. पण खरं सांगायचं तर बाईंचा आवाज मला लांबून येत होता, आणि छातीवरचं एवढं मोठं ओझं उतरल्यावर हात कुठं ठेवावेत ते मला समजेना. मी पदर सरळ केला. पुन्हा केला.

बाहेर आलो आणि अण्णा चिडला. माझ्यावर, बाकावर, व्हरांड्यात सांडलेल्या पाण्यावर. इतक्या मोठ्या दवाखान्यात बसायला नीट जागा न्हाय, म्हणाला. सुटका झाली की आमच्या घरातली माणसं आधी चिडतात, वडीलही तसेच होते. मी आणि प्रिया त्याला चिडू दिलं. नर्सबाई समोरून गेली, तिनं भुवया उंच करून विचारलं. प्रियानं मान डोलावली. नर्सबाईनं लगेच हातातला ट्रे खाली ठेवला आणि येऊन अण्णाच्या खांद्यावर थोपटून गेली. त्यावर तो जरा निवला.

मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, "वहिनी, काय न्हाय गं."

मग ती म्हणाली, "खरं सांग, मंगल."

चूक माझी होती. आमच्याकडं काहीतरी असलं की काय न्हाय म्हणायची पद्धत आहे. तापानं फणफणलेला माणूस काय न्हाय म्हणतो, नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली काय न्हाय म्हणते. मी पुन्हा म्हटलं, अगं खरंच काय न्हाय, तर ती रडायलाच लागली.

अण्णानं माझ्या हातातून फोन घेतला.

"मनू," तो म्हणाला. माझ्यादेखत त्यानं बायकोला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "कॅन्सर न्हाय. डॉक्टरीणबाईनी कागद वाचून सांगितलं, प्रियानंबी वाचला. नुसती सूज हाय. मी गोळ्या बंद केलत्या, त्या चालू केल्या."

शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. वहिनीला गोळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. पलीकडचं रडणं थांबलं, आणि मग तिचा आवाज इतका चढला की व्हरांड्यातल्या दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. भाऊबीजेपासून साचलेलं सगळं ती काढत होती. अण्णा फोन कानापासून जरा लांब धरून व्हय, व्हय करत होता, आणि हसत होता, डोळे पुसत होता. मध्येच त्यानं आमच्याकडं बघून हातानं खूण केली. बसा, वेळ लागंल.